मातृमुखी आतडं

आतड्याच्या डॉक्टरसमोर मी आईचा फोटो ठेवला.

चुकून नव्हे, पूर्ण तयारीनिशी. भिंतीवरून उतरवून, हार काढून, ओल्या फडक्यानं पुसून, बाभुळगावहून यवतमाळपर्यंत एसटीत मांडीवर धरून नेला होता. शेजारच्या म्हातारीनं फोटोला हात जोडले.

"कधी गेल्या जी?"

"सात वर्षं झाली."

"मंग आता कुठं नेऊन राह्यले?"

"दवाखान्यात."

म्हातारी खिडकीकडं सरकून बसली. बायको मुद्दाम दोन सीट पुढं बसली होती.

त्याचं असं झालं. आमचे वडील बावन्नाव्या वर्षी 'मूळव्याधीनं' गेले. घरात तसंच म्हणायची पद्धत होती, कारण त्यापलीकडचं नाव घेतलं तर ते घरात येतं असा समज. नाव घेतलं नाही, तरी ते आलंच. मागच्या साली दादाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, दादा वाचला, आणि काढलेल्या गाठीच्या तपासणीवरून डॉक्टर म्हणाले की हे रक्तातून आलेलं आहे. वडिलांकडून. प्रत्येक भावंडाला निम्मी शक्यता.

मी लगेच हिशेब मांडला. भावंडं दोन. दोनाचं निम्मं एक. तो एक दादा. म्हणजे मी सुटलो.

या गणितावर मी आठ महिने काढले. शेवटी बायकोनं नंबर लावून मला यवतमाळला आणलं. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीपेक्षा फार तर पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "काका, प्रत्येकाचा छापा-काटा वेगळा पडतो. भावाचा काटा पडला म्हणून तुमचा छापा होत नाही."

तेव्हा मी फोटो काढला. त्यांनी तो आदरानं हातात घेतला.

"आईंना काय त्रास होता?"

"काहीच नाही. तुम्ही त्यांचं नाक पाहा. आता माझं पाहा. कानही पाहा. मी अख्खा आईवर गेलोय, दादा बाबांवर गेला. मातृमुखी सदा सुखी म्हणतात ना? मग आतडंही आईचंच असणार."

बायको भिंतीवरचं जठराचं चित्र फार बारकाईनं वाचू लागली.

"काका, काम काय करता?"

"कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, फवारणीची औषधं."

"मग शेतकरी पिशवीवरचं बोंडाचं चित्र पाहून बियाणं मागतो, तेव्हा त्याला काय सांगता?"

काय सांगतो ते वीस वर्षांत सगळ्या गावानं ऐकलंय. मी फोटो परत मांडीवर घेतला, पालथा.

"मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. एकोणीसची. अमरावतीला शिकते."

खरं दुखणं हे होतं, आणि ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पोरगी हुबेहूब माझ्यासारखी. जन्मली तेव्हा बाया म्हणाल्या, मुलगा मातृमुखी अन् मुलगी पितृमुखी, भाग्याचं घर. मी पेढे वाटले होते. आता माझ्यात दोष नसेल तर तिला माझ्याकडून तो जाणार नव्हता. माझ्यात असला, तर तिचाही छापा-काटा. म्हणून नाकाची एवढी वकिली. तपासणीला खालून आतड्यात घालतात त्या दुर्बिणीच्या नळीची भीती नव्हती असं मात्र नाही. ती भरपूर होती.

रक्त दिलं. दुर्बिणीच्या तपासणीची तारीख घेतली.

त्या दिवशी सकाळी सहापासून दोन लिटर पाण्यात कालवलेलं औषध प्यायचं होतं. चव अशी, की लिंबूसरबतात कुणी मीठ सांडलं आणि मग वाईट वाटून साखर टाकली. बैलाला औषध पाजणारा माणूस बसतो तशी बायको तांब्या घेऊन समोर बसली. मग संडासाकडं माझी सारखी ये-जा सुरू झाली. तेवढ्यात दादाचा फोन.

"कितवी खेप?"

"नववी."

"काहीच नाही मंग. मी चौदा वेळा गेलतो."

"दादा, माझं नाक मायसारखं आहे का नाही, खरं सांग."

"नाक मायचंच हाय रे तुह्यं. पण घोरतो तू बाबासारखा. अन् आता फोन ठेव, तुह्या आवाजावरून दहावी खेप आलेली दिसते."

यवतमाळला भाड्याची गाडी करून गेलो. एसटीचा भरवसा नव्हता, माझाही नव्हता.

झोपेच्या इंजेक्शननंतरचं काही आठवत नाही. जागा झालो तेव्हा डॉक्टरीणबाई सांगत होत्या, दोन पॉलिप होते, चामखिळीसारखे कोंब. तिथल्या तिथं काढले. तसेच राहिले असते तर काही वर्षांत त्यांचा कॅन्सर होऊ शकला असता. आठ महिन्यांच्या त्या गणिताची मला पहिल्यांदा लाज वाटली.

काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. दोष होता, दादात निघाला तोच. आता दरसाल नळी. मुलीनं तपासून घेतलेलं बरं, पण आधी तिच्याशी नीट बोला, असं बाई म्हणाल्या.

नीट बोलायचं मी ठरवलं. शनिवारी पोरगी घरी आली. तिला समोर बसवून आजोबांपासून सुरुवात केली, मग मूळव्याध, मग संकरित वाण, मग सरकी. वीस मिनिटं झाली तरी मी अजून पेरणीतच.

"बाबा," ती म्हणाली, "मोठ्या बाबांचं ऑपरेशन झालं तवाच मी सगळं वाचलं. तुमच्या रिपोर्टची वाट पाहून राह्यली होती मी. काय आलं?"

"आलं."

"बरं. मंग मले कधी नेता?"

आवाज अगदी सरळ होता. कॉलेजची फी भरायला कधी जायचं, असं विचारावं तसा. "मोटर सुरू राहिली वाटते," असं म्हणून मी उठलो आणि मागच्या अंगणात विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. नाक आईचं असो की कुणाचं, अशा वेळी सारखंच वाहतं.

मागून बायको आली. तीही विहिरीत डोकावली.

"लाइन सकाळपासून गेली हाय," ती म्हणाली. "कोणती मोटर पाहून राह्यले? या आत. तुमी उठून आल्यापासून तीही रडून राह्यली. दोघं एका जागी बसून रडा, मी चहा मांडते."