नकाराचं कारण

द्राहोमीरा हान्झलिकोवा चेक देशातल्या आमच्या ब्रनोच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं बरेच दिवस वाटतंय. कुणी लिहीना, म्हणून मीच बसलो. जन्मभर मी फक्त माहितीपुस्तिका लिहिल्या. माणसाबद्दल लिहायची सवय नाही. जमेल तसं सांगतो.

तिला सगळे द्राहा म्हणत. साठीला टेकलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. ऑफिसात आल्यावर बूट काढून लोकरीच्या सपाता घालायची आणि मग दिवसभर टेबलाखाली तिचा एक पाय हलत राहायचा. कपात कॉफीची पूड टाकून वर उकळतं पाणी ओतायची आणि गाळ खाली बसण्याआधीच प्यायला लागायची.

आमचं काम कंपायलरचं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. आमचा कंपायलर मुक्त होता. कुणीही घ्यावा, आतलं सगळं वाचावं, बदलावं, पुढे द्यावा. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी त्यात एक वेगळा भाग असतो आणि तो कुणीतरी एक जण सांभाळतो. द्राहाकडे एका जुन्या प्रोसेसरचा भाग होता. शहरातल्या यंत्रांतून तो केव्हाच गेला, पण विहिरीवरच्या पंपांत, दुधाच्या टाक्यांत अजून चालू आहे.

या कामाचा एक चव्हाटा होता. आम्ही त्याला लिस्ट म्हणायचो. एकाने ईमेलने पत्र टाकलं की ते जगभरच्या सगळ्यांना जायचं आणि कायमचं तिथेच राहायचं. आपण केलेला बदल तिथे मांडायचा. त्या भागाच्या सांभाळणाऱ्याने तो तपासून घ्यायचा किंवा नाकारायचा. नाकारलं तर कारण द्यायचं. हा नियम कुठे छापलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याची धडगत नसे. द्राहानेच कितीतरी जणांना त्यावरून सोलून काढलं होतं.

मग एका मोठ्या परदेशी कंपनीने आमची छोटी फर्म विकत घेतली. वाईट झालं असं म्हणवत नाही. पगार वाढले, खुर्च्या नव्या आल्या. पूर्वी बदल महिनोन्‌महिने लिस्टवर पडून राहायचे, नावात मोठं अक्षर हवं की लहान यावर आठवडा जायचा. आता कामं झपाझप होऊ लागली, कारण कंपनीने नोकऱ्या दिल्याने कंपायलरचे निम्मे सांभाळणारे आता एकाच मजल्यावर बसत होते. स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता ठरायचं. मग एक जण लिस्टवर बदल टाकायचा आणि शेजारच्या टेबलावरून दुसरा लगेच “ठीक” असं लिहायचा. बाहेरच्यांना दिसायचं ते सगळं शिजून झाल्यावर.

द्राहाला हे रुचत नसे. समोरासमोर बोलणं झालं तरी ती टेबलावर परत येऊन तेच सगळं लिस्टवर लिहायची. आमचा प्रमुख रादोवान श्मेर्दा कधीकाळी तिच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणायचा, “इंजिनियरबाई, हात लांब केला तर माझ्या कानाला लागेल. पत्र कशाला धाडता?” सगळे हसायचे. तीही हसायची, पण लिहायची थांबायची नाही.

मे महिन्यात मोठ्या खोलीत बैठक झाली. कंपायलरचा गाभा नव्याने लिहायचं ठरलं. प्रत्येक प्रोसेसरचा भाग नव्या पद्धतीवर आणायचा आणि जो हिवाळ्यापर्यंत येणार नाही तो काढून टाकायचा. जाहीर करायचं ते सप्टेंबरच्या परिषदेत. तोवर बाहेर अक्षर काढायचं नाही.

द्राहा म्हणाली, ज्यांची कामं निकामी होणार त्यांना आजच सांगायला हवं. रादोवानने तिची समजूत घातली. कोड तर उघडाच राहणार आहे, सप्टेंबरला सगळ्यांच्या हातात पडेल, मग लपवलं काय?

“कोड मिळेल रे,” ती म्हणाली. “बोलायला कधी मिळणार?”

रादोवानने पुढचा मुद्दा काढला. मी तो वहीत टिपून घेतला.

तिच्या डोळ्यांसमोर बाल्तासार इतुर्बे होता. हा उरुग्वेतला माणूस गुरांच्या कुरणांवरच्या पंपांसाठी नियंत्रण-पेट्या बनवायचा. त्या पेट्यांत द्राहाचाच जुना प्रोसेसर. दोघांची कधी भेट नाही, पण वर्षानुवर्षांची पत्रं. वसंतात त्याने त्या भागात मोठी सुधारणा करायला घेतली होती, अर्थात जुन्या पद्धतीने. रविवारी काम करायचा आणि सोमवारी पुढचा तुकडा लिस्टवर टाकायचा. तो जितका पुढे जाई तितकं त्याचं जास्त काम वाया जाणार होतं आणि हे द्राहाला ठाऊक होतं.

जूनभर तिने उत्तर टाळलं. आमच्यात उत्तर आलं नाही तर नम्रपणे आठवण करायची पद्धत आहे. त्याची आठवण करून देणारी पत्रं येऊ लागली. सोमवारी सकाळी ती पडद्यासमोर बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. एकदा मला म्हणाली, सुट्टीत जंगलात अळंब्या शोधायला गेले तरी तोच डोळ्यांपुढे येतो, वाकून काहीतरी करत बसलेला. मी म्हटलं, सप्टेंबर काही लांब नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा माझ्या पुस्तिकेत डोकं घातलं.

जुलैत तिने अखेर लिस्टवर लिहिलं: “हा बदल घेता येणार नाही. कृपया यावर आणखी वेळ घालवू नका.”

तिला त्या माणसाचे रविवार वाचवायचे होते. पण कारण दिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधीच लिस्ट पेटली. ज्यांचं आपसात कधी पटलं नाही असे दोघे एका सुरात विचारू लागले, हान्झलिकोवाबाई, कारण? एकाने तर कारण न देणाऱ्याला झापणारं तिचंच जुनं पत्र काढून दाखवलं. आणि इतुर्बेने लिहिलं, “माझी चूक कुठे आहे तेवढं सांगा. मी दुरुस्त करतो.”

ते वाचून तिने चष्मा काढून ठेवला.

रादोवान तिच्या टेबलाशी आला. आवाज खाली होता, पण मला ऐकू येत होतं.

“काहीतरी तांत्रिक कारण द्या, बाई. मांडणी नीट नाही म्हणा. चाचण्या कमी आहेत म्हणा.”

“त्याचा कोड स्वच्छ आहे, रादोवान. माझ्यापेक्षा स्वच्छ.”

“मग गप्प बसा. थोडे दिवस. मला वर उत्तर द्यावं लागतं, तुम्हाला माहीत आहे.”

“आणि तो चूक शोधत बसेल. नसलेली.”

रादोवान निघून गेला. आम्ही खाली जेवायला गेलो. रश्श्यातले तिचे क्नेडलिक, पिठाचे उकडलेले गोळे, थंड होऊन गेले. तिने फक्त काट्याने त्यांचे तुकडे केले. वर येऊन सपाता घातल्या आणि लिहायला बसली. पाठवण्याआधी तिने मला वाचायला दिलं. मी एक स्वल्पविराम सुचवला.

तिने लिहिलं होतं: “इतुर्बे यांची काही चूक नाही. गाभा नव्याने लिहायचं आमच्या कंपनीत मे महिन्यात ठरलं आहे. त्यानंतर हे काम उपयोगी पडणार नाही. मी त्या खोलीत होते. हे इथे ठरायला हवं होतं, असं माझं मत आहे.”

पुढचे दिवस धावपळीचे गेले. लिस्टवर शेकड्यांनी पत्रं आली. कंपनीला आराखडा सप्टेंबरआधीच बाहेर मांडावा लागला. रादोवान शिव्या खात उत्तरं देत राहिला. दमला की स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा राहायचा. गाभा बदलायचाच हे कायम राहिलं, पण जुने भाग काढायची मुदत पुढच्या वर्षावर गेली. द्राहाची बदली वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच कामावर झाली. प्रोसेसरचा भाग तिने घरच्या ईमेल पत्त्यावरून सांभाळायचा, नोकरीच्या वेळात नाही, असं तिला लेखी कळवण्यात आलं.

हे सगळं तिने खांदे उडवून घेतलं. तिला लागलं ते वेगळंच. सगळी पत्रं येऊन गेल्यावर इतुर्बेचं एक ओळीचं आलं: “म्हणजे तुम्हाला मेपासून माहीत होतं.”

तिने लिस्टवरच “होय” असं लिहिलं. त्यावर त्याचं काही आलं नाही. सोमवार गेले. त्याच्याशिवाय तो भाग नव्या पद्धतीवर आणणं तिला एकटीला झेपणारं नव्हतं. ती जिना उतरून माझ्या टेबलाशी यायची, काही आलं का विचारायची. तिच्या पडद्यावरही तेच दिसत होतं, तरी यायची. बसायची नाही. सप्टेंबरची परिषद झाली, झाडांची पानं गळली, तरी येतच होती.

एका सोमवारी ती सपातांसकट धावत खाली आली. इतुर्बेने बदल पाठवला होता. नव्या पद्धतीचा, अगदी पहिल्या पायरीपासून.

“नमस्कार नाही, नाव नाही,” ती उभ्या उभ्याच माझ्या पडद्यावर वाचत म्हणाली. “नुसतं काम.” मग वाकून पडद्यावर आणखी खाली वाचत गेली. “इथे चुकलाय. आणि हे बघ, इथेही.”

संध्याकाळपर्यंत थांब, घरी जाऊन लिही, असं मी म्हणेपर्यंत ती जिन्यापाशी पोचली होती.