माडीवरची ज्वारी

भाद्रपदातला सोमवार होता. माडीवरची ज्वारीची सोळा पोती खाली उतरवायला निजामी चलनातले दोन हाली रुपये हमाली ठरली. हजर मी, सासूबाई आणि मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळलेली माझी बायको. तिला वर हवेशीर जागा मिळावी, म्हणून हा खर्च.

पोती उतरली, तिची खाट वर नेली आणि माडी थरथरू लागली. शेजारच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सुरू झालं की फळ्या, खाट, तांब्यातलं पाणी, सगळं थरथरे. तिला झोप येईना. सुताराकडून तुळईखाली टेकू लावून घेतला. फरक पडला नाही.

ती म्हणाली, "अवो, मी ज्वारी काढायला वर यायचे, तवा कुठं हालत होतं?"

"घ्या जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या. "हिशेबात तुमी लय पक्के, अन् एवढं ध्यानात आलं न्हाई?"

पोती पुन्हा वर चढवून खाटेभोवती रचली. त्यांच्या भाराने थरथर दबली. त्या दुपारी गिरणी चालू असताना ती झोपली. नंतरही रोज झोपे. पुढच्या आठवड्यात झोपेतच गेली.

तेराव्याच्या जेवणासाठी त्यातली दोन पोती खाली आणली. त्यांची हमाली चार आणे झाली. ती हमालाला दिली.