माझा सा, काकांचा सा

मी मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या बँडमध्ये माउथ ऑर्गन वाजवते. एवढं लिहितानाही अडखळते, कारण मधले दोन आठवडे मी तो नुसता ओठांना लावून बसत होते. फुंकत नव्हते.

बँड काढला शहापूरहून येणाऱ्या एका सीनियर दादाने. त्याला स्का नावाच्या संगीताचं वेड लागलं होतं. जमैका बेटावरचं संगीत, म्हणाला, आणि गिटार घेऊन समजावायला बसला. आपण एक-आणि-दोन-आणि असं मोजतो ना, तर यात गिटार आकड्यांवर वाजतच नाही, मधल्या ‘आणि’वर वाजते. मला ते लगेच कळलं. उन्हाळ्यात आई आणि काकू एकाच उखळात मसाला कुटतात. एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर. मी भीतभीत हे सांगितलं, तर दादा उडालाच. अगदी हेच, म्हणाला, तू बँडमध्ये ये. त्या दिवशी वैशाखऱ्याला घरी जाईपर्यंत मी एसटीत समोरच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ‘आणि’ वाजवत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं.

माउथ ऑर्गन म्हसाच्या जत्रेतला. ड्रमवर माझी वर्गमैत्रीण. स्काला ट्रंपेट हवाच, आणि तो आमच्या कॉलेजच्या शिपाईकाकांकडे होता. लग्नसराईत ते बँडमध्ये वाजवतात. दादाने बसवलेली धून काकांनी सगळ्यांना सारेगमपमध्ये लिहून दिली. मी ती घरी पाठ केली, इतकी की झोपेतही वाजवली असती. आणि पहिल्याच तालमीला, चौघं एकत्र वाजायला लागलो तेव्हा, माझा प्रत्येक सूर दातात खडा आल्यासारखा लागला. सा वाजवला तरी वाईट, प वाजवला तरी वाईट. दादा म्हणाला, जरा हळू वाजव, होईल सवय. मी हळू वाजवलं. हळू वाजवलं तरी वाईटच.

घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. काही बिघडलं की माझंच चुकलं असणार, असं मला आधी वाटतं. वर्गातही न कळलेलं मी विचारत नाही. म्हणून तालमीला मी फुंकणंच बंद केलं. गॅदरिंग जवळ येत होतं. त्या धुनेत सुरुवातीच्या चार ओळी माझ्या एकटीच्या होत्या, तिथे तर खोटं चालणार नव्हतं. सोडते म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण सोडायचं नव्हतं. तो ‘आणि’ सुरू झाला की माझे पाय आपोआप हलायचे.

एका सुट्टीच्या सकाळी मी ओटीवर बसून मैत्रिणीने पहिल्या तालमीचं केलेलं रेकॉर्डिंग ऐकत होते. कुठे चुकलं ते शोधत होते. बाबा शेतावर निघाले होते, ते थांबले. गावातल्या गायन पार्टीत ते पेटी वाजवतात. त्यांनी परत लावायला सांगितलं. मग आतून पेटी आणली आणि एक काळी पट्टी दाबून धरली. ट्रंपेटचा सूर त्यात विरघळून गेला.

“ह्यो त्यांचा सा. काळी पाच,” बाबा म्हणाले. “आता तुजा वाजव.”

मी वाजवला. बाबांनी दुसरी पट्टी दाबली, पांढरी. पहिलीच. माझा सूर तिच्यात बसला.

“तुजा पांढरी एकचा. तुजी चूक नाय गो बाय. तुमचा सा एक नाय.”

मी ते रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी हसू येत होतं. पण तालमीत हे सांगायचं कसं? ज्या काकांनी आयुष्यभर वाजवलं, त्यांना मी सांगणार? सोमवारी सगळे वाद्यं काढत होते तेव्हा मी उभी राहिले, आणि वहीत लिहून नेलेलं वाक्य न बघताच बोलून टाकलं. इतके दिवस मी फुंकतच नव्हते, हेही सांगितलं. 

काकांनी माझा माउथ ऑर्गन मागून घेतला, एक सूर वाजवला आणि कपाळाला हात लावला.

“मग गप काय बसलीस? गाणारा बदलला की मी पट्टी बदलतोच की. तुझा बाजा काय जागचा हलत नाय. आमालाच चढायला लागंल.”

आतापर्यंत काकांच्या पट्टीत वाजवणाऱ्या दादाची बोटं गिटारवर दोन घरं वर सरकली. काकांनी एकदा पुटपुटत नवीन बोटं बसवली. मैत्रिणीने मोजलं, आणि आम्ही सुरू झालो. खडा नव्हता. माझा सूर ट्रंपेटला लागून वर जात होता, खालून गिटार ‘आणि, आणि’ करत ढकलत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तोंडात माउथ ऑर्गन होता. मग सगळं फुंकरीतच गेलं. धून संपली तेव्हा काका म्हणाले, परत. आम्ही ती सलग चार वेळा वाजवली.

गॅदरिंगच्या दुपारी आम्ही स्टेजवर चढलो. मंडपात मागे बाबा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. दादाने गिटार खांद्यावर घेतली, पण वाजवली नाही. तिघंही माझ्याकडे बघत होते.

“पोरी,” काका हळूच म्हणाले, “सूर दे.”

जिथे माझा सा आहे, त्या चौथ्या घरात मी फुंकलं.