ग्रंथाच्या चौरंगावरची मेल

सडक अर्जुनीहून परतताना कालव्याच्या पुलापर्यंत आमच्या बस्तीतले केवळरामकाका माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले. दुपारची बस आलीच नव्हती, म्हणून आम्ही पायी निघालो होतो. पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी पिशवीतून पुस्तकं वाचायचं यंत्र काढलं, उपरण्याने पुसलं आणि परत आत ठेवलं.

"पाणी प्या ना जी, काकाजी," मी मोठ्याने म्हटलं. त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागतं.

"नाही वो अल्का. चाल."

उभी हयात त्यांनी राईस मिलमध्ये काढली. मिलच्या आवाजाने कान गेले. डोळे कोंड्याच्या धुळीने अधू झाले असं ते म्हणतात, डॉक्टर मोतीबिंदू म्हणाले. रुक्माकाकू लवकर गेल्या. रचना एकुलती एक, तिला काकांनीच वाढवलं, शिकवलं, भंडाऱ्याकडे दिलं.

लग्नानंतर बापलेकीचं बोलणं अवघड झालं. फोनवर रचनाला ओरडावं लागे, काका स्पीकर लावून ऐकत, आणि अर्धी बस्ती ऐके. तिकडे तिच्या सासरीही ऐकणारे होतेच. म्हणून तिने त्यांना मेल शिकवली. मोबाईलच्या उजेडाने डोळ्यांतून पाणी यायचं, तर माहेरी येताना ती हे यंत्र घेऊन आली. कागदासारखा पडदा, अक्षर हवं तेवढं मोठं. त्यात इंटरनेटचं पानही उघडतं, हे काकांनी एके दिवशी स्वतःच शोधून काढलं.

"पाह्य वो, याच्यात मेल बी येते!" म्हणून ते आमच्या अंगणवाडीत दाखवायला आले होते. चुलीवर भात चढवून यावं, तेवढ्या वेळात एक पान उघडे. तरी खूश होते.

आता आमच्या विहारातली रीत सांगते. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, वाचायची पाळी घरोघर फिरते. वाचायला ज्याचा ग्रंथ घेतला, तो समाप्तीपर्यंत चौरंगावरच राहतो, पांढऱ्या कापडाखाली. मधे घरी नेत नाहीत. यंदा छापील अक्षर बायकांना दिसेना, म्हणून काकांनी ग्रंथ यंत्रात घेतला. सगळ्यांची सोय झाली. आणि ग्रंथ चौरंगावर राहतो, तसं यंत्रही राहिलं.

ग्रामपंचायतीचं वायफाय विहारात चांगलं येतं. काका दुपारी यायचे, वंदना घ्यायचे, तिथेच बसून लेकीची मेल वाचायचे, उत्तर लिहायचे आणि यंत्रावर कापड टाकून घरी जायचे. यंत्राला कुलूप नव्हतं. मेलमधून बाहेर पडावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पान मिटलं की झालं, असं त्यांना वाटे.

आज सकाळी हापशीवर गंगाबाई भेटली. ती रचनाच्या नवऱ्याची आत्या, आमच्याच बस्तीत दिलेली. काल वाचायची पाळी तिची होती.

"काय गा केवळराम, रचना रायपूरले चालली म्हणते? आमाले सांगतलं बी नाही!"

"तुले कोणं सांगतलं?"

"चौरंगावर होतं. मी काई चोरून नाही वाचलं. ग्रंथ उघडाले गेली, तं तुह्या पोरीचं गाऱ्हाणं निघालं."

काका विहारातून यंत्र उचलून तसेच माझ्याकडे आले. "आधी ते बंद कर, अल्का. मंग पोरीशी बोलतो." मला अंगणवाडीची माहिती फोनमध्ये भरता येते, पण हे येईना. म्हणून धर्मेंद्रच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात गेलो होतो.

धर्मेंद्रने कॉम्प्युटरवर काकांचं खातं उघडलं, जिथं जिथं ते चालू होतं तिथून सगळीकडून बाहेर काढलं, पासवर्ड बदलला. यंत्रालाही उघडायचा नंबर बसवून दिला.

"काका, आपने तो पूरे गाँव को मेल पढ़ने बिठा दिया," तो हसत म्हणाला. "इसका ब्राउझर पुराना है. इस पर किताब पढ़ो, मेल मत खोलो. एक बार लॉगिन किया तो खुला ही रहता है."

"जे वाचलं ते परत बंद होते का?" काकांनी विचारलं.

धर्मेंद्रचं हसू गेलं. त्याने पंखा उगाच आमच्याकडे वळवला.

पूल मागे पडला. ऊन कललं होतं, पाय भरून आले होते. मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणत चालले होते. एवढ्यात काका आपणहून बोलायला लागले.

"जवाई हात उचलते तिच्यावर. दोन वर्सं झाली. तिनं सगळं लिवलं मले. रायपूरच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणे, लेकराले घेऊन जाईन म्हणे."

"मंग तुम्ही काय लिहिलं?"

"जमवून घे, म्हटलं. दर बारीले तेच. जमवून घे, लेकराकडे पाह्य." ते थांबले. "तिच्या मायले असं कोणी म्हटलं असतं तं मी त्याले घरात घेतला नसता."

"गंगाबाईनं भाच्याले कळवलं का?"

"नाही इचारलं. इचारून काय होते? आज नाही तं उद्या कळवनच."

एक ट्रक धूळ उडवत गेला. काकांनी तोंडावर उपरणं धरलं, आणि धूळ बसली तरी तसंच धरून ठेवलं.

मग म्हणाले, "अल्का, तुह्या फोनवरून तिले फोन लाव. तुहा नंबर तिच्या घरी कोणाले मालूम नाही. मले ऐकू येत नाही, अन् हे वरडून बोलाची गोष्ट नोहोय. तिले सांग, बापाच्यानं गोष्ट फुटली. मेल करू नको म्हणा. अन् बाप जमवून घे म्हणत होता, ते सोड म्हणा. लेकराले घे अन् आजच निघ. रायपूरले जमत नसन, तं इकडं ये. येवढं सांग, पोरी. आत्ताच सांग, मी इथंच उभा हावो."