शाहूपुरीतले दोन रखवालदार

माझ्या मामांचं शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मी तिथं हिशेब बघते. सरकारला आपल्यावर मुळात काही हक्कच नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत. पोलीस, कोर्ट, रस्ते, सगळं बाजारात विकत मिळावं आणि ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. एकदा जेवताना ते तावातावानं म्हणाले, "माझ्यावर राज्य करायच्या आधी मला कुणी इचारलं हुतं?"

मामी भाकरी वाढत म्हणाल्या, "लग्नाच्या येळंला मला तरी कुणी इचारलं हुतं?"

मामांनी आमटीची वाटी पुढं केली.

गेल्या वर्षी गल्लीतली दोन दुकानं फुटली. पोलीस पंचनामा करून गेले आणि मामांना हवी ती संधी मिळाली. त्यांनी मुरगूडचा एक धिप्पाड रखवालदार स्वतःच्या खर्चानं ठेवला. समोरच्या टाइल्सवाल्यांचं आणि मामांचं कधी पटलं नाही. टाइल्सवाल्यांनी ईर्ष्येनं दुसरा आणला. मामा चिडतील असं मला वाटलं, पण ते खुशीत होते. आता स्पर्धा लागणार, काम चोख होणार म्हणाले. दोघांची जुंपली तर काय, असं मी विचारलं. मारामारी कुणालाच परवडत नसते, त्यामुळं ते बसून मिटवतात, असं त्यांनी मला समजावलं.

आणि झालंही तसंच. टाइल्सचा टेंपो आमच्या दारात आडवा लागला, दोघं काठ्या घेऊन समोरासमोर आले. शिव्या देता देता गावं निघाली, गावांतून नाती निघाली, आणि समोरच्या रखवालदाराची बायको आमच्या रखवालदाराच्या चुलत्याची लेक असल्याचं कळलं. मग दोघं पायरीवर बसले. सकाळी माल या बाजूला उतरायचा, दुपारी त्या, असा निवाडा झाला. मामांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

पुढच्या महिन्यात दोघा रखवालदारांनी मिळून कळवलं, की राखण सगळ्यांचीच होते, तेव्हा वर्गणीही सगळ्यांनीच द्यायची. नको म्हणायची सोय नाही. मामांनी तिथल्या तिथं आपल्या माणसाला कामावरून काढलं.

तो आदरानंच म्हणाला, "तुम्ही काढलासा तरी मी हितंच हाय की, मालक. गल्ली आता आम्ही बघतोय."

संध्याकाळी मामांच्या स्कूटरच्या चाकाला साखळी होती. पोलिसांत जाऊ या, असं मी म्हटलं, तेव्हा मी त्यांना सरकारचे पाय धरायला सांगतेय, असं त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते चालत घरी गेले आणि पुढंही चालतच येत राहिले. शेवटी मामींनी परस्पर वर्गणी भरून स्कूटर सोडवली. हा सरळ सरळ कर आहे, असं मामा घरी ओरडले. मामींनी त्यांच्या गुडघ्याला लावायला तेल गरम केलं.

मामांचं मत काही बदललेलं नाही. तत्त्व बरोबरच होतं, फक्त दोघं एकमेकांचं पावणं निघालं, असं ते सांगतात. त्यानंतर गल्लीत चोरी झालेली नाही, हेही मान्य करतात, पण आवाज जरा खाली घेऊन.