पाच नंबर

बुटांच्या दुकानात त्याची उभी हयात गेली. गिऱ्हाईक दारातून आत येतंय तोच तो म्हणायचा, "सात. डावा किंचित मोठा," आणि खोकं उघडलेलं असायचं. पायाचं माप घ्यायची पट्टी त्यानं कधी हातात धरली नाही. म्हणून सगळे त्याला नंबरकाका म्हणत, आणि निवृत्तीनंतरही ते नाव त्याला आवडायचं.

लग्न ठरलं त्या दिवशी मित्रांनी भर बैठकीत त्याला डिवचलं होतं, "बायकोचा नंबर सांग बघू!" त्यानं एक नजर टाकली आणि ठणकावून सांगितलं, "पाच!" हशा पिकला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तो पाच नंबरचा जोडा घेऊन गेला. तेव्हापासून घरात बायकोसाठी पाच नंबरच येत राहिला.

आता मुलीचं लग्न होतं. सकाळपासून तिघं खरेदीला बाहेर पडली होती. चादरी झाल्या, भांडी झाली. राहिले होते फक्त आईचे बूट.

"थोडं बसू या का कुठं?" बायको म्हणाली.

"बसायचं? आत्ताच तर निघालो!" तो म्हणाला. "हिला चार पावलं टाकायची म्हणजे जिवावर येतं. रोजचंच आहे."

तरी मुलीनं दोघांना समोरच्या कॉफीच्या दुकानात नेलं. आत गारवा होता. टेबलाखाली पिशव्यांचा ढीग लागला आणि मुलीनं लहानपणचा खेळ काढला.

"बाबा, ती निळ्या कोटातली?"

"सहा."

"आणि तिचा नवरा?"

"आहे नऊचा. पण दहाचे घातलेत. पाहुण्याचे मागून आणले असतील."

मुलगी खळखळून हसली. शेजारच्या टेबलावरचेही वळून बघायला लागले, तसा नंबरकाका जरा ताठ बसला. तेवढ्यात त्यांची ऑर्डर तयार झाली आणि मुलगी काउंटरकडे गेली.

एक पिशवी घसरली. ती उचलायला तो वाकला. बायकोनं टेबलाखाली बूट काढून ठेवले होते आणि ती एका पायाच्या टाचेनं दुसऱ्या पायाची बोटं चोळत होती. ती बोटं एकमेकांवर चढलेली होती. ती त्यानं घरी हजारदा पाहिली होती. "तुमच्या माहेरचे पायच तसले," असा विनोदही केला होता.

बूट मात्र त्यानं आज पहिल्यांदा नीट पाहिले. करंगळीच्या जागी दोन्हींची शिवण ब्लेडनं उसवलेली होती. फट दिसू नये म्हणून तिच्यावर काळं पॉलिश चोपडलं होतं. लहान जोडा निभावून नेणारी गिऱ्हाइकं हेच करतात. अशांना तो दुकानात सगळ्यांदेखत रागवायचा.

तो वर आला तेव्हा त्याचे कान तापले होते.

"हे कधीपासून?"

"काय?"

"ते... ब्लेडनं."

"अहो, हळू. पोरगी येतेय."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्हाला नंबर मी सांगू?" ती हसली. हसण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

मुलीनं कप ठेवले. "आता शेवटचा प्रश्न. आईचा नंबर?"

त्यानं कप पुढ्यात ओढला.

"पाच," बायकोच पटकन म्हणाली. "त्यात काय विचारायचंय?" आणि टेबलाखाली तिनं पाय पुन्हा बुटांत कोंबले. ते कोंबताना तिचा चेहरा जराही हलला नाही. किती सवय झाली होती तिला! त्यानं मान खाली घालून कॉफीचा मोठा घोट घेतला. जीभ भाजली.

बुटांच्या दुकानात विक्रेतीनं विचारलं, "कितीचा काढू?"

"पाच," बायको म्हणाली.

"पट्टी आहे का?" त्यानं विचारलं. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून पुन्हा विचारावं लागलं.

"बाबा! तुम्हाला पट्टी लागते?" मुलगी हसायला लागली.

तो बुटक्या स्टुलावर बसला आणि त्यानं बायकोचा पाय हातात घेतला. तिनं तो मागं ओढला.

"अहो, लोक बघताहेत."

"लग्न ठरलं तेव्हाही बघत होते," तो म्हणाला.

टाच टेकली. अंगठा पाचाच्या रेघेपुढं गेला, सहाच्याही पुढं गेला.

"साडेसहा, मावशी," विक्रेती मोठ्यानं म्हणाली.

"पट्टी चुकीची असेल," मुलगी लगेच म्हणाली.

क्षणभर त्याला वाटलं, हो म्हणावं. बायकोही तशी मान डोलवायच्या बेतात होती.

"पट्टी बरोबर आहे," तो म्हणाला. "माझंच चुकलं. पहिल्या दिवसापासून."

मुलीनं आईकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं. नंतर मात्र तिनं बापाकडे बघितलंच नाही.

नवे बूट घालून बायको आरशापर्यंत जाऊन आली. "सैल पडताहेत हो."

त्यानं बोटांपुढची जागा अंगठ्यानं दाबून पाहिली. "सैल नाहीत. असेच असतात." नाडी नीट बांधलेली होती, तरी त्यानं ती सोडून पुन्हा बांधली. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

विक्रेतीनं विचारलं, "जुने टाकून देऊ?"

"नको," तो म्हणाला आणि जुना जोडा नव्या खोक्यात घालून त्यानं ते काखेत घेतलं.

रस्त्यात बायको दर थोड्या अंतरावर थांबायची आणि तो चिडायचा, ही कायमची रीत. आज तो तिच्या थांबण्याची वाट बघत मागून चालला होता. ती मुलीशी बोलत बोलत पुढं गेली. कोपरा आला तरी ती थांबली नाही.