ॲन्टोनेटने न लिहिलेला अर्ज

खोताच्या वाडीतल्या ॲन्टोनेटने बत्तीस वर्षं फोर्टातल्या एका कंपनीत स्टेनोचं काम केलं आणि रिटायर झाल्यावर घरी बसून निम्म्या गिरगावाचे नोकरीचे अर्ज लिहिले. तेही फुकट. पोरं यायची, ओसरीवर बसायची, आणि आन्टी त्यांच्या अंगावर असं कडक इस्त्रीचं इंग्रजी चढवायची की आईबापांनीही ओळखू नये. ‘कष्टाळू, वक्तशीर, प्रामाणिक’ हे तिने इतक्या उनाडांच्या नावापुढे लिहिलं होतं की चर्चमध्ये कन्फेशनला गेली की आधी तेच आठवायचं.

सत्तरी उलटली तशी ती या खोटेपणाला विटली. नेमकी तेव्हाच फणसवाडीतली आकांक्षा आली.

आकांक्षा एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घ्यायची. सहा वर्षं, रोजंदारीवर. ॲन्टोनेटच्या हाताची शीर भल्याभल्यांना सापडत नाही. दोघा-तिघांनी टोचून हात काळानिळा केलेला. ही पोरगी मात्र बोटांनी चाचपून, इकडचं तिकडचं बोलत एका सुईत काम उरकायची. आता लॅबमध्ये कायमची जागा निघाली होती आणि अर्ज इंग्रजीत हवा होता.

“तूच लिही,” ॲन्टोनेट म्हणाली. “काय येतं ते तुझ्या शब्दांत सांग. रक्त काढायला ग्रामर लागत नाही.”

तत्त्व झकास होतं. त्याची झळ मात्र दुसऱ्यालाच लागली. बाकीच्यांनी मोबाइलकडून अर्ज लिहून घेतले. आन्टीने सांगितलं म्हणून या वेडीने स्वतः लिहिला, आणि आठवड्याने तो लाल गोलांनी भरून परत आला. खाली शेरा होता, ‘भाषा कच्ची’, आणि मॅनेजर राजेशची सही.

“जाऊ दे आन्टी, पुढच्या वेळी बघू,” आकांक्षा म्हणाली. तिने दोष दिला असता तर परवडलं असतं.

सही बघून ॲन्टोनेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांपूर्वी याच राजेशचा अर्ज तिने तीनदा टाइप करून दिला होता. छत्री उचलली आणि ती तडक लॅबमध्ये जाऊन थडकली.

राजेशने उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. शिष्टाचारात पोरगा कुठे कमी नव्हता.

“आन्टी, उद्या तिने पेशंटच्या फॉर्मवर चुकीचं लिहिलं तर? जबाबदारी माझी ना?”

“सहा वर्षांत एक तरी फॉर्म चुकला तिचा?”

“तसं नाही. पण ज्याला अर्ज धड लिहिता येत नाही…”

“तुझा कोणी लिहिला होता रे?”

राजेश ओशाळेल असं तिला वाटलं होतं. तो चक्क हसला. “तेच तर म्हणतोय मी. तिचाही तुम्ही लिहिला असतात, तर आज ती इथे असती.”

ॲन्टोनेटला राग आला तो याचा आलाच, पण स्वतःचा जास्त आला. जन्मभर खोटं लिहिलं तेव्हा सगळ्यांचं भलं झालं आणि एकदाच खरं वागायला गेली तर एका चांगल्या मुलीच्या पोटावर पाय आला.

“आलाच आहात तर हे जरा बघा ना,” राजेशने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. जिला घेतलं होतं ती का योग्य, हे हेड ऑफिसला कळवणारं पत्र होतं. “साहेबांना मोबाइलने लिहिलेलं चालत नाही. मी स्वतः लिहिलंय. तेवढं ग्रामर बघा.”

सात ओळींत पाच चुका होत्या. ॲन्टोनेटची बोटं सवयीने कीबोर्डकडे गेली. मग तिने हात मांडीवर घेतले.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “पाठव.”

जिना उतरताना बरं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. आकांक्षा उद्याही रोजंदारीवरच जाणार होती.